वणव्यापुढे उभा राहणारा उमेदवार

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ कामांची यादी आहे. तिच्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. तिच्या आधीच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत. त्यात शेती, लघुपाटबंधारे, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज, अगदी बाजार आणि जत्राही आहेत, पण आगीचा उल्लेख नाही. या अनुसूची आणणाऱ्या १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी आग विझवणे हे शहराचे काम मानले आणि गावाकडे ते नावानिशी सोपवलेच नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात याचा अर्थ फार स्पष्ट दिसतो. जिल्ह्याचे क्षेत्र ९,२२९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे. बैहरच्या पठारावर साल, खाली वैनगंगेच्या अंगाला सागवान आणि दोन्हीकडे बांबू. अग्निशमनाचे बंब उभे असतात ते बालाघाट, वारासिवनी, मलाजखंड अशा नगरपालिकांच्या दारात. घराला किंवा धानाच्या गंजीला आग लागली तर बंब येतो, उशिरा का होईना. डोंगरावरच्या सालवनात तो जाऊच शकत नाही. तिथली आग गावातलीच माणसे हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात. मग प्रश्न असा की या माणसांना हाक कोण मारतो, आणि हाक मारण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

अमेरिकेच्या ग्रामीण भागात या प्रश्नाचे उत्तर मतपेटीतून येते. तिथे पुष्कळ राज्यांत ग्रामीण अग्निशमन जिल्हा नावाची स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिला मालमत्तेवर कर बसवता येतो आणि तिचा कारभार निवडून आलेले मंडळ पाहते. ओरेगॉन राज्यात अशा मंडळावर पाच संचालक असतात, त्यांची मुदत चार वर्षांची. बंबावर चढणारे बहुतेक गावचे स्वयंसेवक असतात. त्या सबंध देशात दर तीन अग्निशामकांपैकी साधारण दोघे स्वयंसेवकच आहेत. उमेदवार शेतकरी असतो, निवृत्त शिक्षिका असते, कधी जुना अग्निशामक असतो. मतदार त्याला विचारतात की नवा बंब कधी घेणार, कर किती वाढवणार, तरुण पोरे स्वयंसेवक व्हायला का येत नाहीत.

बालाघाटात असे मंडळ नाही आणि असा करही नाही. पण निवडणूक आहे. वन सुरक्षा समिती, ग्राम वन समिती आणि राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात इको विकास समिती, अशा तीन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समित्यांची कार्यकारिणी गावाची आमसभा निवडते. या समित्यांच्या कामात वणव्यापासून जंगल राखणे हे फार वरचे काम आहे. वर्तमानपत्रात या निवडणुकीची बातमी क्वचितच येते. सरपंचाच्या निवडणुकीत पोस्टर लागतात, गाड्या फिरतात. इथे कोटवार, म्हणजे गावचा कोतवाल, मुनादी (दवंडी) देतो, लोक शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात जमतात आणि तासाभरात नावे ठरतात. तरी मला ही निवड सरपंचाच्या निवडीइतकीच महत्त्वाची वाटते. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. लांजी-किरनापूरकडे आजही मराठी कानावर पडते, ती या जुन्या नात्यामुळे. ज्या दशकात जिल्हा झाला त्याच दशकात मध्य प्रांताच्या वनखात्याने एक नवी गोष्ट करून पाहिली. होशंगाबादकडच्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअरसन या वनाधिकाऱ्याने जंगल वणव्यापासून पूर्णपणे वाचवण्याचा प्रयत्न सुरू केला. दरवर्षी जळणारे जंगल न जळू देणे ही कल्पनाच तेव्हा पुष्कळांना अशक्य वाटत होती. बोरीत ते जमले आणि मग ते सगळीकडे खात्याचे धोरण बनले.

या धोरणाचा पहिला घाव बसला बैगा आदिवासींवर. बैगा नांगराने धरणीमातेची छाती फाडणे पाप मानत. ते झाडे तोडून वाळवत, पावसाळ्यापूर्वी जाळत आणि राखेत कोदो-कुटकी पेरत. या शेतीला बेवर म्हणतात. आग कधी लावायची, वारा कुठून हवा, ती कुठे थांबवायची, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. खात्याच्या नजरेत मात्र ते जंगल जाळणारे ठरले. बेवर बंद करत करत १८९० साली मंडला जिल्ह्यात, आजच्या दिंडोरीत, बैगा चक नावाच्या एका पट्ट्यापुरते ते शिल्लक ठेवले गेले. बैहरच्या बैगांना तेवढीही सूट मिळाली नाही. आगीचे ज्ञान असलेल्या माणसांना आगीच्या कामातून बाजूला सारले गेले, आणि माझ्या मते या प्रदेशातल्या वणव्याच्या इतिहासातली ही सर्वांत महागात पडलेली चूक आहे.

पण मजूर तर हवे होते. म्हणून खात्याने जंगलातच वनग्रामे वसवली. राहायला आणि कसायला जागा द्यायची आणि बदल्यात खात्याच्या कामाला, आग विझवायलाही, हजर राहायचे, असा तो व्यवहार. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ७९ व्या कलमाने हे कर्तव्य सगळ्यांवरच घातले. ज्याला जंगलात काही हक्क आहे किंवा तिथून लाकूड, गवत, वनोपज आणायची परवानगी आहे, त्याने आग कळताच ती विझवायला लागले पाहिजे, कोणी सांगो वा न सांगो. न गेल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे बालाघाटचे पहिले वणवा विझवणारे स्वयंसेवक नव्हतेच. ते बांधलेले होते. आणि बांधलेला माणूस आग विझवायला कसा जातो, हे सांगायला नको: साहेब दिसला की धावतो, साहेब वळला की बसतो.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने आणि १ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकाने गावांना जंगल राखण्यात भागीदार करून घ्यायचे ठरवले. मध्य प्रदेशाने आपला पहिला ठराव १० डिसेंबर १९९१ रोजी काढला; सध्याची घडी बसवणारा ठराव २२ ऑक्टोबर २००१ चा. जंगलाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतली गावे त्यात आली. गावातले सगळे मतदार आमसभेचे सदस्य. कार्यकारिणीत एक तृतीयांश महिला. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांपैकी एक पद महिलेकडेच हवे. आज राज्यात अशा १५ हजारांहून अधिक समित्या आहेत. बेगारीपासून कायद्याच्या धाकापर्यंत आणि तिथून निवडणुकीपर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली.

आता आग लागते कशी ते जवळून पाहू, कारण उमेदवाराची खरी परीक्षा तिथेच आहे.

मार्च उजाडला की मोह फुलतो. फुले रात्री आणि पहाटे गळतात. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. झाडाखाली सागाची, सालाची, मोहाची वाळलेली पाने घोटाभर साचलेली असतात. पिवळट पांढरे, रसाने भरलेले फूल त्या पानांत पडले की सापडत नाही. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी होते, पहाटे त्यावर फुले स्पष्ट दिसतात. दहा हातांच्या वर्तुळातली आग असते ही. लावणारी ती विझवूनही येते, पण एखाद्या ओंडक्याच्या पोटात धग राहते. दुपारी बारा-एकला वारा सुटतो, एक जळते पान उडून वर्तुळाबाहेर पडते, आणि संध्याकाळी डोंगराच्या कडेला लाल रेघ दिसू लागते.

मोह आटोपतो न आटोपतो तोच तेंदू येतो. तेंदूच्या झुडपाला कोवळी, मोठी, बिनछिद्राची पाने यावीत म्हणून जमीन जाळणे ही जुनी सवय. मे महिन्यात तोड सुरू होते. ५० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक मानक गोणी. २०२४ च्या हंगामात राज्याने गोणीमागे ४,००० रुपये संग्रहण दर दिला. मुलांच्या वह्या, लग्नाचे देणे, खरिपाचे बियाणे या पैशांतून येते. जाळण्याला पर्यायही आहे: शाखकर्तन, म्हणजे हंगामाच्या दोनेक महिने आधी झुडूप जमिनीलगत छाटणे. त्याने पान उलट चांगले येते. पण छाटायला मजुरी लागते, काडी ओढायला काहीच लागत नाही.

याखेरीज गुराख्याने नव्या गवतासाठी लावलेली आग, मधाच्या पोळ्याखालचा धूर, वाटसरूची बिडी, बांधावरचा कचरा. वीज पडून लागलेला वणवा आपल्याकडे फार विरळा. आपले वणवे माणसे लावतात आणि बहुतेकदा लावणारा जवळच्याच गावचा असतो. विझवणाराही तिथलाच. त्या गावात समितीसाठी मत देणारेही हेच लोक. अमेरिकेतल्या त्या संचालकाला मतदाराचे घर आगीपासून वाचवायचे असते. बालाघाटच्या समितीच्या अध्यक्षाला मतदाराच्या हातातल्या काडीपासून मतदाराचेच जंगल वाचवायचे असते. हे काम पोलिसी करून होत नाही. ज्या काकीने मोहाखाली पाला पेटवला तिला गुन्ह्यात अडकवले तर पुढच्या वर्षी आग लागल्याचे गावात कोणी सांगणारच नाही.

म्हणून चांगला उमेदवार तो, जो फेब्रुवारीपूर्वी घरोघर फिरू शकतो. कोणाची मोहाची झाडे कुठे आहेत हे त्याला ठाऊक हवे. पाला पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करा, आठ-दहा हातांचा गोल स्वच्छ ठेवा, जमल्यास झाडाखाली जाळी बांधा, हे सांगणे त्याचे काम. जाळीतले फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहते, म्हणून त्याला भावही बरा मिळतो. हे सांगणाऱ्याचे ऐकले जाईल की नाही, ते त्याच्या पदावर अवलंबून नसते. त्याने आधी गावासाठी काय केले यावर असते. आमसभेत नाव पुढे येताना लोक नेमके हेच तोलतात, भले ते तसे बोलून दाखवत नसतील.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्याआधी जाळरेषा तयार करायच्या असतात: जंगलाच्या हद्दीवर आणि कक्षांच्या मधून ठराविक रुंदीचा पट्टा कापायचा, गवत वाळू द्यायचे आणि माणसे उभी करून ते जाळून टाकायचे. मग मोठी आग आली तर तिला त्या पट्ट्यात खायला काही उरत नाही. आगीनेच आग अडवायची ही पद्धत आहे, आणि तिच्यात बेवर करणाऱ्यांचे ज्ञान पुरेपूर कामी येते. दिवस कोणता निवडायचा, दव किती वाजता उडते, वारा कधी फिरतो, हे एखादा म्हातारा बैगा हवेचा वास घेऊन सांगतो.

आता आगीची वर्दी आकाशातूनही मिळते. उपग्रहांवरचे संवेदक तापलेली जागा टिपतात आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून बीटच्या वनरक्षकापर्यंत, ज्याला इथले लोक नाकेदार म्हणतात, मोबाइलवर संदेश जातो. ही मोठी सोय आहे. पण यांतला एक संवेदक ३७५ मीटरच्या चौकोनात पाहतो, दुसरा एक किलोमीटरच्या. आणि उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी दीडला तो गेला आणि तीनला आग लागली तर ती त्याला रात्रीच दिसणार. शिवाय बैहरच्या दरीखोऱ्यांत मोबाइलला रेंज असेलच असे नाही. संदेश नाकेदाराला मिळाला तरी एकटा नाकेदार काय करणार? त्याला वीस माणसे लागतात. ती वीस माणसे रात्री नऊ वाजता, दिवसभर फुले वेचून किंवा पाने तोडून थकलेली असताना, कोणाच्या हाकेला उठतील?

आग विझवायची रीत साधी आणि कष्टाची आहे. पानगळीच्या जंगलातली आग बहुधा जमिनीवरून सरकते, झाडाच्या शेंड्यावर चढत नाही. दोन बाजूंनी माणसे तिच्या कडेने चालतात, हिरव्या फांद्यांनी तिला आतल्या, जळलेल्या बाजूला झोडपतात, मागून एक जण धुमसणारे ओंडके मातीने झाकत येतो. आता पाला उडवणारी यंत्रेही आली आहेत. चढावर आग वेगाने वर धावते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाला उभे राहायचे नसते. ही एक गोष्ट न कळलेला उत्साही पोरगा जीव गमावू शकतो. समितीच्या पुढाऱ्याने निदान ही जाण ठेवावी की कोणाला पुढे घ्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे.

आणि बालाघाटात रात्रीच्या जंगलात दुसरीही भीती होती. लांजी, किरनापूर, बैहरच्या रानात नक्षलवाद्यांचा वावर अनेक वर्षे राहिला. १५ डिसेंबर १९९९ रोजी राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची किरनापूर भागातल्या त्यांच्या गावी हत्या झाली. जिथे मंत्र्याची ही गत, तिथे वनखात्याशी जोडलेल्या समितीचा अध्यक्ष म्हणून नाव द्यायला सामान्य माणूस कचरला असेल तर त्याला दोष कसा देणार? तरीही माणसे उभी राहिली, समित्या चालल्या. त्यांच्या या धैर्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून ती इथे करतो.

आता या व्यवस्थेतली मोठी उणीव. समितीचा अध्यक्ष निवडून येतो, पण सचिव वनखात्याचा कर्मचारी असतो. बँकेचे खाते आणि कागद त्याच्या हातून जातात. जाळरेषेची मजुरी, फायर वॉचरची नेमणूक, विकासनिधीचा खर्च यांवर अध्यक्षाची सही लागते. निर्णय मात्र पुष्कळदा आधीच झालेला असतो. ज्याच्या हाती देण्यासारखे काही नाही त्याला फार काळ लोक मानत नाहीत. ओरेगॉनच्या मंडळाला वजन येते ते त्याच्या हातातल्या करामुळे. बालाघाटच्या समितीला वजन यायचे तर जंगलाच्या उत्पन्नावर आणि खर्चावर तिचा खरा ताबा हवा.

हा ताबा मिळाला की काय घडते ते पाहायला फार लांब जायला नको. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्काची वाट मोकळी केली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क २००९ मध्ये मिळाला. तिथे पुढारी मतांच्या बेरजेवर ठरत नाही. निर्णय सर्वसहमतीने होतो आणि एकाचाही विरोध असेल तर बोलणी पुढे चालू राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने त्याहून धीट पाऊल उचलले. हक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने बांबूवर लक्ष दिले आणि तेंदूपत्त्याची तोड बंद करून टाकली. कारण सरळ होते: तेंदूसाठी झाडे छाटली जातात, वणवे लावले जातात आणि टेंभुर्णीची, म्हणजे तेंदूचीच, खायची फळेही जातात. हातातले रोख उत्पन्न गावाने आपणहून सोडले. असा निर्णय कोणताही वनाधिकारी गावावर लादू शकला नसता. बालाघाटात बैहर तहसील अनुसूचित क्षेत्रात आहे आणि अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याचे नियम मध्य प्रदेशाने १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू केले. त्यानुसार तिथल्या ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतःकडे घेण्याचे ठरवू शकतात. वणव्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे: जी सभा पानाचा भाव ठरवेल, ती जाळायचे की छाटायचे हेही ठरवू शकेल.

महिला उमेदवारांविषयी वेगळे बोलायला हवे. २०११ च्या जनगणनेत बालाघाटात दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशातले ते सर्वाधिक प्रमाण. धान निघाले की इथले कितीतरी पुरुष मजुरीसाठी नागपूर, हैदराबादची गाडी धरतात. नेमक्या वणव्याच्या महिन्यांत गावात बायका जास्त असतात. मोह त्याच वेचतात, तेंदूचे पुडे त्याच बांधतात, म्हणजे पाला पेटवायचा की झाडायचा हे त्यांच्या हातात आहे. ठरावाने अध्यक्ष-उपाध्यक्षांपैकी एक पद त्यांना दिले, पण पुष्कळदा ते उपाध्यक्षाचेच निघते आणि सहीपुरते राहते. बचतगट चालवलेली, गावाचा हिशेब ठेवलेली एखादी वहिनी अध्यक्ष व्हावी आणि तिच्या गटातल्या दहा जणींनी जाळरेषेच्या मजुरीवर हक्क सांगावा, हा मला या जिल्ह्यातला सर्वांत स्वस्त अग्निशमन उपाय वाटतो.

पुढच्या आमसभेत उमेदवाराला विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. कोणत्या कक्षात मागच्या वर्षी आग लागली आणि ती कुठल्या वाटेने आली, हे सांगता येईल का? जाळरेषा जानेवारीअखेर पुऱ्या करून घेणार का, की मार्चमध्ये गवत पेटल्यावर? मोहाच्या जाळ्यांसाठी निधी मागणार का? रात्री जाणाऱ्यांना विजेऱ्या, बूट आणि पाणी कोण देणार? एखादा भाजला तर त्याच्या उपचाराचा खर्च कोणत्या खात्यातून होणार? आणि जाळरेषेची मजुरी गेल्या हंगामात कोणाकोणाला किती मिळाली, ती यादी नावासकट सगळ्यांसमोर वाचून दाखवणार का?